गरब्यात नेमक्या किती कॅलरी जळतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला, प्रतापनगरात राहतो. आईला शुगर आहे, वजन ६८ किलो. नवरात्रासाठी ती रोज संध्याकाळी तासभर गरब्याचा सराव करते. मनगटावरचं घड्याळ ५१० कॅलरी दाखवतं, आणि तेवढ्याच भरवशावर ती रात्री पोळी वाढवून घेते. मला काळजी वाटते.

मेट (स्वस्थ बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते तो आकडा) गुणिले वजन गुणिले तास, असं मी मांडून पाहिलं. मेट ५.५ धरला तर ३७४ येतात. त्यातही नुसतं बसून जळल्या असत्या त्या ६८ आल्याच. शिवाय ती मध्ये मध्ये थांबते, पदर खोचते, पाणी पिते. खरं नाचणं चाळीसच मिनिटं. म्हणजे बसून जळणाऱ्या वजा केल्या तर जेमतेम २००!

टाळ्यांच्या हातवाऱ्यांनी घड्याळ फसत असेल का? दोन टाळ्यांच्या संथ गरब्याला मेट किती धरावा? कुणी हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा लावून मोजलंय का? कृपया सांगा.