अनुभव धागा: आई शाळेत ‘बाई’ होती

माणगंगाकाठ:
आई गेली त्याला या श्रावणात वर्ष होईल. दहाव्यापासून माणसं यायला लागली. कुणी तिचं नाव घेत नव्हतं, ‘तुमच्या आई’ही म्हणत नव्हतं. सगळे म्हणत होते, “बाई गेल्या.” सत्तरी ओलांडलेले एक आजोबा काठी टेकत आले, ओट्यावर बसले आणि कुणी न विचारता त्यांनी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणून दाखवली. सलग, न अडखळता. म्हणाले, “बाईंनी उभं करून घेतली होती माझ्याकडून.” मग चहा न घेताच उठून गेले.

आई सातवी झाली, तेव्हा त्याला फायनल म्हणत. १९५९ साली ती स्कूल बोर्डाच्या शाळेत लागली. पुढे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि तीच शाळा झेडपीची झाली. ट्रेनिंग नोकरीत असतानाच केलं. म्हसवड आणि आसपासच्या वाड्यांवर मिळून तिची ३७ वर्षं गेली. १९९६ला ५८ पूर्ण झाल्यावर ती निवृत्त झाली.

पहिलीला मी तिच्याच वर्गात होते. शाळेत ‘आई’ म्हणून हाक मारली की तिला ऐकूच यायचं नाही. रागवायची नाही, नुसती फळ्याकडे वळायची. दोन ठिकाणी दोन नावं लक्षात ठेवणं मला जमेना, म्हणून मी घरीही ‘बाई’च म्हणायला लागले. ते शेवटपर्यंत राहिलं. नवऱ्याला लग्नानंतर वर्षभर वाटत होतं की ही सावत्र असावी.

१९७२च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. शाळा ओस पडली, कारण पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला जायची. ही दुपारच्या सुट्टीत पाट्यांची पिशवी घेऊन दुष्काळी कामावर जायची आणि खडीच्या ढिगाऱ्याच्या सावलीला वर्ग भरवायची. मुकादम ओरडायचा. बायका म्हणायच्या, “बाई, ढिगावर बसवू नगा, माप बिघडतंय.” मग खाली बसवायची. सुकडी वाटायला आली की तिच्या वर्गाला आपोआप गर्दी व्हायची, हे ती स्वतःच हसून सांगायची. त्याच महिन्यात मला गोवर निघाला होता. निंबाचा पाला अंथरून आजीने मला सांभाळलं. आई संध्याकाळी यायची ती पातळाला खडीची राखाडी भुकटी घेऊन, आणि आधी पाय धुवायची, मग पाट्या धुवायची, मग माझ्याकडे यायची.

तो क्रम मी अजून विसरलेले नाही. साठीला आले तरी त्या पाट्यांचा मला हेवा वाटतो, हे इथे कबूल करून टाकते.

तुमच्यापैकी कुणाकुणाची आई गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी बाई होती? लिहा. गोडगोड नको. आणि माणसांची, शाळांची नावं टाळा.

कातळफूल:
आम्ही राजापूरकडचे. आईची शाळा एकशिक्षकी, सड्यापलीकडे, म्हणजे कातळाच्या माळापलीकडे, तासाभराच्या वाटेवर. बाबा मुंबईला गिरणीत, म्हणजे घरात वर्षातून दोनदा, गणपतीला आणि मे महिन्यात. चाकरमान्याच्या घरात बायकोची नोकरी म्हणजे वरखर्चाची सोय, असंच सगळे धरून चालत.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. बाबा शिमग्याला आले आणि परत गेलेच नाहीत. गिरणी पुन्हा उघडली नाही. तेव्हापासून घर आईच्या पगारावर. बाबांनी कधी तोंडाने काही म्हटलं नाही, पण सहा महिने ते कुणाच्या ओटीवर बसायला गेले नाहीत. मग एके दिवशी सकाळी त्यांनी पेज केली, तोंडी लावायला चटणी वाटली, डबा भरला आणि सडा तुडवत आईच्या शाळेवर गेले. नंतर रोजच जायला लागले. पण आत कधी गेले नाहीत. गडग्याबाहेर उभे राहायचे. आई एखाद्या मुलाला पाठवायची, “जा रे, डबो घेऊन ये.”

मी त्याच शाळेत चौथीत होते. कुणी विचारलं, तो माणूस कोण, तर मी गप्प बसायचे. याची लाज वाटायला मला पंचवीस वर्षं लागली.

पाटीपेन्सिल:
आमच्याकडे सोपं होतं. वर्गात कुणीही दंगा केला तरी पहिली छडी मला. “बाईंची पोरगी” म्हणून सवलत मिळते असं कुणाला वाटू नये म्हणून. चौथीच्या स्कॉलरशिपला माझा नंबर लागला तर गाव म्हणालं, लागणारच, घरात बाई आहेत. नसता लागला तर काय म्हणालं असतं, याचा अंदाज करा.

केळीचं पान:
बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं.

आम्ही यावल तालुक्यातले. १९७६ साल. शिक्षकांना कुटुंबनियोजनाच्या ‘केसेस’, म्हणजे नसबंदीच्या ऑपरेशनला माणसं, आणायला लावलं होतं, हे त्या पिढीतल्या कुठल्याही गुरुजींना विचारा. ठरलेला आकडा भरला नाही तर पगार अडायचा. माझी आई पंचविशीतली, माहेर लांब, सासर तिरसट. दारोदार जाऊन बायकांना हे सांगायचं कसं? एकदोन घरांतून तिला हाकलून लावलं. पगार दोन महिने आला नाही. किराणावाल्याने उधारी बंद केली.

शेवटी ती स्वतःच गेली आणि स्वतःच ‘केस’ झाली. मी तेव्हा दीड वर्षाचा होतो.

मला हे चाळिशीत कळलं, तेही मावशीकडून. लहानपणी मी आईकडे भावासाठी हट्ट करायचो. ती म्हणायची, “वर्गात चाळीस आहेत, त्यातला कुठलाही घे.” मला तो विनोद वाटायचा.

पाटीपेन्सिल:
@केळीचं पान, काय लिहावं कळत नाही. वाचलं, एवढंच.

गोंगुरा:
इथे सगळा त्यागाचा महापूर आलाय म्हणून थोडं उलटं लिहितो. राग मानू नका.

आम्ही दर्यापूरचे. माझी आई कुणासाठी नोकरी करत नव्हती. तिला स्वयंपाकाचा कंटाळा होता, सणावाराचा त्याहून जास्त. शाळेत मात्र ती गायची, नाचायची, पोरांबरोबर लगोरी खेळायची. मी एकदा भाषणात म्हटलं, आईने आमच्यासाठी फार कष्ट केले. घरी आल्यावर म्हणाली, “तुले काय वाटते, म्या तुमच्यासाठी नोकरी केली? मले शाळा आवडे.”

१९८७नंतर खडूफळा मोहिमेतून शाळांना पेट्या आल्या, आठवतात का? विज्ञानपेटी, हत्यारांचा छोटा संच, ढोलकी, पृथ्वीचा गोल. बहुतेक ठिकाणी हे सगळं कपाटात कुलूपबंद असायचं. फुटलं-तुटलं तर भरून कोण देणार? आईने मुख्याध्यापकांकडून किल्ली घेतली आणि म्हणाली, फुटलं तर माह्या पगारातून कापा. आठवड्याभरात गोल फुटला. विषुववृत्तावरच उकलला, बरोबर दोन वाट्या. पैसे खरंच कापले. उत्तर गोलार्ध शाळेत राहिला, दक्षिण गोलार्ध आमच्या घरी आला. आई त्यात भेंडी आणि वालाचं बियाणं ठेवायची. ऑस्ट्रेलियाजवळ कायम पोचट दाणे असायचे.

चिंचोका:
वरची पेटी वाचून हसले आणि लिहायला बसले. आमच्या घरी उलटा प्रकार होता.

आईचं शिक्षण कोसबाडला झालं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आई तिथे गेली तेव्हा अनुताई होत्या. कुरणशाळा हा शब्द मी आईकडूनच ऐकला. वारल्यांची मुलं गुरं राखायला जातात, ती शाळेत येणार कशी? मग शाळाच कुरणात न्यायची. गुरं चरतायत, एक डोळा त्यांच्यावर, एक डोळा अक्षरावर. आणि साधनं विकत आणायची नाहीत. शंख, शिंपले, बिया, पानं, काड्या जे मिळेल त्याने मोजायचं.

आई पुढे डहाणू भागातच बालवाडीत लागली. घरात फळीवर ओळीने डबे: चिंचोके, गुंजा, शिंपले, करंजाच्या बिया. आम्हा बहिणींना त्यांना हात लावायची बंदी. “ते शाळेचं आहे.” आम्हाला खेळायला काय होतं? काहीच नाही. एकदा मी सात गुंजा चोरल्या. तिने रात्री डबा मोजला आणि म्हणाली, “सात कमी आहेत.” कुणी घेतल्या हे विचारलं नाही. सकाळी मी परत ठेवल्या तेव्हा डब्यावर झाकण नव्हतं.

तेरणाकाठ:
उमरगा. ३० सप्टेंबर १९९३.

मी अकरा वर्षांची. आमचं घर पडलं नाही, तडे गेले. आईच्या शाळेचं गाव मात्र गेलं. ते मी लिहिणार नाही.

तिने मला लातूरला मामाकडे पाठवलं आणि स्वतः तिथेच राहिली. पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. बाहेरून ट्रक येत होते. जुन्या कपड्यांचे डोंगर साचले होते, पावसात भिजत होते. पाट्या कुणीच आणल्या नव्हत्या. तिने चुलीतले कोळसे गोळा केले आणि मुलांना पत्र्यावर लिहायला लावलं. प्रत्येक शेडच्या बाहेरच्या अंगाला बाराखडी. पावसाने पुसली की पुन्हा लिहायची. एका कुटुंबाने ‘ख’ची ओळ पुसूच दिली नाही, कारण ती त्यांच्या मुलीने लिहिली होती आणि त्यांच्याकडे ती एकच मुलगी उरली होती.

आई दिवाळीला लातूरला आली. चार दिवस होती. रात्री दार लावू द्यायची नाही. मी म्हटलं, “आता नको ना जाऊस.” म्हणाली, “सहामाही राहिलीय.”

मी तिच्यावर चिडले ते बरीच वर्षं चिडलेलीच होते. आता मी स्वतः शिकवते. अजूनही तिचं सगळं पटतं असं नाही.

पांढरं सोनं:
थोडक्यात लिहितो. परभणी जिल्हा. १९९५पासून शाळेत ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. वेचणीच्या दिवसांत मुली कापसाच्या रानात. आईच्या मस्टरवर त्या हजर. माझ्या आईने आयुष्यात केलेला हा एकच खोटेपणा, आणि तोही हिशोबाने: ८० टक्क्यांच्या वर एक दिवसही नाही. मी मात्र एकदा खोटं सांगून शाळा बुडवली तर तिने माझी खरी गैरहजेरी मांडली. माझा तांदूळ गेला.

रिबीन:
माझी आई बाई नव्हती. ती शेतमजुरी करायची. धाग्यात बसतं की नाही माहीत नाही, पण लिहू का?

माणगंगाकाठ:
लिहा की. विचारताय काय.

रिबीन:
मी दहिवडीकडची. आई पहाटेच कामाला जायची, त्यामुळे मी शाळेत झिंज्या घेऊनच यायचे. पोरं हसायची. आमच्या बाईंकडे पत्र्याच्या डबीत खोबरेल आणि एक फणी असायची. प्रार्थनेआधी मला पायरीवर बसवून वेण्या घालायच्या, इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे. उवा असल्या तरी त्यांनी कधी ते मोठ्याने म्हटलं नाही. शनिवारी सांगायच्या, “आईला म्हणावं सीताफळाच्या बिया वाटून लाव, डोळ्यांत जाऊ देऊ नको.”

माझ्या लेकीच्या वेण्या मी त्यांच्यासारख्याच घालायचे. ती ओरडायची.

माणगंगाकाठ:
वेण्यांचं वाचून जरा थांबले. माझ्या वेण्या आजी घालायची. आईला वेळ नसतो, हे मला एवढं पाठ होतं की मी कधी तिला घालायला सांगितलंच नाही. आमच्याकडेही तसली पत्र्याची डबी होती. तिच्या ट्रंकेत परवा सापडली, आत फणी, दोन काळ्या रिबिनी. मला वाटलं माझ्या असतील. आता वाटतंय, नसतील.

गोंगुरा:
ते आजोबा म्हणाले ती औटकी कुणाला येते का हो? आमच्या पिढीला पावकी-निमकीच कशीबशी.

कातळफूल:
औट म्हणजे साडेतीन. दोन औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा. पुढे बोटं मोजावी लागतात.

माणगंगाकाठ:
मलाही तेवढंच येतं. म्हणून आत्ता भावाला फोन लावला. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, कधीच तिच्या वर्गात नव्हता. त्याने फोनवर सगळी म्हणून दाखवली. पस्तिसापर्यंत, घडाघडा.

विचारलं, तुला कशी येते? म्हणाला, रात्री भाकरी थापताना घ्यायची माझ्याकडून. तू तेव्हा झोपलेली असायचीस.