पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ब्लॉक: सगळ्यांना द्यावा का?

भूलतज्ज्ञ, धंतोली:
दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्या प्रत्येकाला सोनोग्राफीत बघून टॅप ब्लॉक, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, द्यावा, असं माझं ठाम मत आहे. चारच भोकं, म्हणून आपण दुखणं हलक्यात घेतो. पण पहिली रात्र वाईट जाते. बरगडीखाली पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये दोन्ही बाजूंना 20-20 मिली बुपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध सोडलं की ती रात्र निभते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक कमी लागतं, म्हणून ओकाऱ्याही कमी. बालाघाट, गडचिरोलीहून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी एसटीनं घरी जातो हो, त्याचा विचार करा.

सर्जन, रामदासपेठ:
मला नाही पटत, सर. टाके घालताना मी भोकांच्या जागी बुपिव्हॅकेन टोचतो, दोन मिनिटांचं काम. जोडीला पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, डेक्सामेथासोन ही औषधं. ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर सल्ला देणाऱ्या प्रॉस्पेक्ट या तज्ज्ञगटाच्या शिफारशींतही आधी हेच आहे, ब्लॉक नंतर. आणि खांदा दुखतो त्याचं काय? पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडनं श्वासपटल चिडतं, ती कळ फ्रेनिक नसेवाटे खांद्यात जाणवते. टॅप ब्लॉक तिथं पोचतच नाही. गॅसचा दाब कमी ठेवा, शेवटी गॅस नीट काढून टाका.

भूलतज्ज्ञ, धंतोली:
खांद्याचं मान्य. पण तुमच्या दोन मिनिटांचा असर रात्री दहाला उतरलेला असतो आणि तेव्हा वॉर्डात तुम्ही नसता.

सिस्टर, नाइट ड्यूटी:
मी असते. ब्लॉकवाले पेशंट पहाटेपर्यंत बरे असतात, खोकताना पोट धरत नाहीत. खांद्यासाठी मात्र बेल वाजतेच.

भूलतज्ज्ञ, तीन हॉस्पिटलं करणारी:
माझी अडचण वेगळी आहे. पीसीपीएनडीटी कायद्यानं सोनोग्राफी मशीन ठरलेल्या जागी नोंदवावं लागतं. आपलं मशीन गाडीत टाकून कुठंही नेता येत नाही. गर्भलिंगनिदान थांबवायला तो कायदा हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण छोट्या नर्सिंग होममध्ये मशीनच नसेल तर 'प्रत्येकाला ब्लॉक' कसा देऊ? अंदाजानं सुई घालून आतडं किंवा यकृत टोचायची माझी तयारी नाही.

सर्जन, रामदासपेठ:
हेच म्हणतोय मी.

भूलतज्ज्ञ, धंतोली:
मशीन नसेल तिथं ब्लॉक नकोच, माझं 'प्रत्येकाला' मागे घेतो. पण सर्जनसाहेब, एक ऐका. बुपिव्हॅकेन किलोमागे साधारण 2 मिलिग्रॅमच द्यायचं. बाई 50 किलोची, म्हणजे 100 मिलिग्रॅम. माझ्या ब्लॉकमध्ये पाव टक्क्याचं (मिलीमागे अडीच मिलिग्रॅम) 40 मिली, तेवढ्यातच 100 संपले. वरून तुम्ही न सांगता भोकांत अर्ध्या टक्क्याचं 20 मिली टोचलं, की दुप्पट झालं. झटके येतात, हृदय बंद पडू शकतं. तेव्हा टोचण्याआधी मला मोठ्यानं विचारा, आणि तुमच्या ओटीत लिपिड इमल्शनची, म्हणजे या विषबाधेवरच्या उताऱ्याची, बाटली कुठं ठेवली आहे तेही आजच बघून घ्या.