प्रतिसाद: दगडी सिंकला नळाचं भोक

दगडी सिंकला नळासाठी भोक कसं पाडायचं, या प्रश्नावर वर कुणीतरी हॅमर मोडवर (ड्रिल फिरता फिरता ठोकेही मारतं तो मोड) ड्रिल मारायला सांगितलंय. कृपया तसं अजिबात करू नका, सिंकला तडा जाईल. हॅमर बंद ठेवून डायमंड होल सॉ (ड्रिलला लावायचा, कडेला हिऱ्याचे कण असलेला नळीसारखा गोल कटर) वापरा. नळाला साधारणपणे ३५ मिमीचं भोक लागतं, तरी नळाच्या कागदावर माप बघून घ्या.

खरी कसरत सुरुवातीला असते. या सॉला मधली पिन बहुधा नसते, त्यामुळे तो गुळगुळीत पृष्ठभागावर सरकतो. म्हणून आधी तिरका धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडा, मग हळूहळू सरळ करा. वेग कमी ठेवा, पाणी सतत सोडा. पाण्यामुळे शॉकचा धोका नको, म्हणून बॅटरीचं ड्रिल असेल तर उत्तम. खाली लाकडाचा ठोकळा घट्ट दाबून लावा आणि शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला जोर काढून घ्या, कपच्या तिथेच उडतात.