चौदा साच्यांत माणूस बसत नाही, बाप्पा!

बर्डीकर: धरमपेठेतल्या कोणत्यातरी कार्यशाळेची पोस्ट सगळीकडे फिरून राह्यली: "वाक्यांचे 14 साचे शिका, कोणाचंही मत एका वाक्यात फिरवा." साचे रॉबर्ट डिल्ट्सचे आहेत, बोलून समोरच्याचं मत वळवाले शिकवणारा अमेरिकन लेखक, ते ठीक. डोकं फिरलं ते 'एका वाक्यात'नं.

आपलंच घ्या: "नागपूरच्या उन्हात हेल्मेट घालवत नाही." यात ऊन हे कारण अन् हेल्मेट नको हा निकाल. साचा लावायचा तो या दोघांच्या जोडावर. उलट उदाहरण द्या: "मे महिन्यात दुपट्टा तीन वेढे गुंडाळता, तो चालते?" नाहीतर हेतू पकडा: "डोकं तापू नये, एवढंच ना? मग हवेची भोकं असलेलं, फिक्या रंगाचं पाहू." दोनातलं एकच. लागोपाठ तीन मारले की समोरचा विचार करणं सोडते अन् भांडाले उठते.

सेल्सगुरू_मनीषनगर: आले शहाणे! पोस्ट माझीच आहे. शब्दांत ताकद नाही म्हणता? मानसशास्त्रज्ञ एलेन लँगरचा प्रयोग, 1978, झेरॉक्सची रांग. नुसतं "आधी काढू देता का" विचारलं तर 60 टक्क्यांनी जाऊ दिलं. "कारण मला प्रती काढायच्या आहेत" या पोकळ कारणावर 93 टक्के!

झेरॉक्सवाली: अर्धाच प्रयोग सांगता, गुरुजी. ते 5 पानांचं झालं. 20 पानं म्हटल्यावर विनाकारण 24 अन् पोकळ कारणालाही 24. खरं कारण दिलं तेव्हा कुठे 42. लहान मागणी असली तर माणूस 'कारण' ऐकून मान हलवतो, मोठी असली की कारण तपासतो. तुमच्या साच्यांनी बेसा रोडचा प्लॉट विकायचा, ती मागणी 5 पानांएवढी आहे का?

समुपदेशक_काका: व्यसनमुक्तीत याच्या उलट चालतं. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलरने 1983 मध्ये मांडलेली पद्धत, बदलाची कारणं समोरच्याच्याच तोंडून काढायची. "खर्रा (तंबाखू-सुपारी) सोडायची तयारी 0 ते 10 मध्ये किती?" तो म्हणाला 4. आता विचारायचं, "4 का? 2 का नाही?" मग सोडायची कारणं तोच सांगतो. नवखे लोक हमखास "7 का नाही?" विचारतात, आणि तो न सोडायची कारणं मोजून देतो, गेलं सगळं मुसळ केरात. प्रश्न झाला की गप्प बसायचं. मग त्याचेच शब्द त्याला परत ऐकवायचे, शेवटी 'पण' न जोडता.

सेल्सगुरू_मनीषनगर: तेच तर शिकवतो! 'पण'च्या जागी 'आणि' टाका.

सदाशिवपेठी_मु_पो_रामदासपेठ: हे इंग्रजीचं उष्टं. "तुम्हाला महाग वाटतं आणि हे पाच वर्षं टिकतं" असं कोण मराठी माणूस बोलतो? "महाग वाटतंय ना? पाच वर्षं बघायला नको," असं बोलतात. मराठीची खरी किल्ली 'आपण'. "आपण बघू" म्हटलं की ऐकणारा आत, "आम्ही बघू" म्हटलं की बाहेर. पण इथे "आपण नाही येत बाप्पा" म्हणजे 'मी' येत नाही! भाषाच धड नाही, साचा कुठून बसणार?

बर्डीकर: काहून? ऐकणाऱ्याले बरोबर समजते. "मी नाही येत" म्हटलं तर तोंडावर दार लावल्यासारखं होते, 'आपण'नं नकार नरम पडते. अन् तुमच्याकडे "आपण कोण?" विचारतात, तेव्हा ऐकणारा आत असते का दाराबाहेर चपला घालून उभा?

सदाशिवपेठी_मु_पो_रामदासपेठ: ... हे लागलं. 'आपण' दिलं तुम्हाला. 'फिरून राह्यली' मेलो तरी देणार नाही.

बर्डीकर: मागितलं कोणी? रामदासपेठेत राहून राह्यले ना तुम्ही?

झेरॉक्सवाली: हेल्मेट कुठे गेलं, राजेहो?

सेल्सगुरू_मनीषनगर: बरं बाबा, 'एका वाक्यात' जरा जास्त झालं. जाहिरात आहे ती. 'दहा मिनिटांत' लिहू?

समुपदेशक_काका: लिहा, त्याला आधार तरी आहे. ब्रूकमन आणि कल्ला या संशोधकांचा 2016 चा अभ्यास: अमेरिकेतल्या मायामीत दारोदार सुमारे 10 मिनिटांचं बोलणं, ट्रान्सजेंडर लोकांविषयीचा पूर्वग्रह कमी झाला आणि निदान 3 महिने तसाच राहिला. तिथे साचे मारले नव्हते. 'लोकांनी तुम्हाला वेगळं वागवलं असं कधी झालं?' असं विचारून समोरच्याला बोलू दिलं होतं. तेही छापा.

सेल्सगुरू_मनीषनगर: छापतो. फी तेवढीच राहील.