सल्ला हवा: आजोबांची बोट युद्धाच्या काळात कुठे कुठे होती, हे कसं शोधायचं?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, दाभोळ खाडीकाठच्या आमच्या गावातून मुंबईला गेले आणि बोटीवर लागले. आधी खलाशी, मग सुकाणी, शेवटी टंडेल. आई १९४३ सालची. तिचा जन्म झाला तेव्हा आजोबा समुद्रावर होते, आणि तिला चालता येऊ लागल्यावरच त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा ते नेमके कुठे होते, हा प्रश्न ती आयुष्यभर विचारत आली आहे. आता तिने ऐंशी ओलांडली आहेत, म्हणून मला हे आता शोधायचंच आहे.

हाताशी आहे ते एवढं:

त्यांची सीडीसी, म्हणजे डिस्चार्जची वही; खलाशी कुठल्या बोटीवर कधी रुजू झाला आणि कधी सुटला (डिस्चार्ज) याच्या नोंदी तिच्यात असतात. ओल लागून काही पानं चिकटली आहेत, काही कसरीने खाल्ली आहेत. पी अँड ओ कंपनीची 'स्ट्रॅथनेव्हर' दोन ठिकाणी स्वच्छ वाचता येते. युद्धातल्या एका नोंदीत 'फोर्ट' एवढंच उरलंय, पुढचं नाव गेलं.

एक फोटो. मागे पेन्सिलीने 'स्ट्रॅथनेव्हर' लिहिलंय. पण आजोबा नेहमी सांगायचे की त्यांची पहिली बोट तीन धुराड्यांची होती, आणि फोटोतल्या बोटीला एकच धुराडं आहे. मग फोटो दुसऱ्याच बोटीचा समजायचा का?

आणि घरात पक्की समजूत आहे की १९४४ साली मुंबईच्या गोदीत जिचा स्फोट झाला, तीच आजोबांची 'फोर्ट' बोट.

सुरुवात कुठून करू? पैसे किती लागतील? आणि मुंबईत बसून यातलं काय होईल?

जुनी_गोदी

ताई, आधी फोटो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. आजोबा बरोबर सांगत होते आणि फोटोही बरोबर आहे. १९३१ साली बांधलेल्या स्ट्रॅथनेव्हरला तीन धुराडी होती, पण धूर मधल्या एकातूनच निघायचा. पुढचं आणि मागचं केवळ दिखाव्याला. युद्धानंतर तिची मोठी दुरुस्ती झाली, त्यात ही दोन्ही काढून टाकली. तिच्या जोडीच्या स्ट्रॅथएअर्डचंही तसंच. म्हणजे तुमचा फोटो युद्धानंतरचा आणि आजोबांची आठवण युद्धाआधीची. सीडीसीत हे नाव दोनदा येतं त्याचा अर्थही लागतो: ते त्या बोटीवर परत गेले होते. १९६२ मध्ये ती हाँगकाँगला मोडीत निघाली.

पी अँड ओच्या वारसा विभागाने आपल्या जुन्या बोटींची माहितीपत्रकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. स्ट्रॅथनेव्हरचं उतरवून घ्या. युद्धात ती सैनिक नेणारी बोट होती. जानेवारी १९४० मध्ये ऑस्ट्रेलियाचे सैनिक घेऊन मोठ्या ताफ्यातून ती सुएझकडे गेली. त्या काळात आजोबा तिच्यावर असतील तर ही सफर त्यांचीही.

आता 'फोर्ट'. इथे माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला: नावामागे धावू नका. 'फोर्ट' नावाच्या बोटी कॅनडात युद्धासाठी एकामागोमाग एक बांधल्या गेल्या, सगळ्या एकाच घाटाच्या. बहुतेकींचं टनेज (नोंदणीतलं आकारमान) ७,१३० च्या आसपास, त्यामुळे त्यावरूनही ओळख पटत नाही. पुष्कळशा लंडनला नोंदलेल्या. अशा वेळी खात्रीची गोष्ट एकच, ऑफिशियल नंबर. ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक जहाजाला तो मिळायचा, आणि नाव बदललं, मालक बदलला, तरी ती नोंदणी असेपर्यंत नंबर तोच राहायचा. सीडीसीत बोटीच्या नावाखाली बारीक अक्षरात सहा आकडी संख्या असते, ती बघा. आख्खी मिळाली तर 'क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट' या संकेतस्थळावर घाला, बोटीचं नाव पुढ्यात येईल. अर्धवट मिळाली तरी कामाची आहे.

चिकटलेली पानं ओढू नका, वाफ देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. वही टेबलावर उघडी ठेवायची, खोलीत अंधार करायचा आणि एका बाजूने, अगदी कागदाला समांतर, विजेरीचा उजेड टाकून फोटो काढायचा. शाई उडाली असली तरी टाकाच्या दाबाने कागदावर पडलेला चर सावलीत उठून दिसतो. शिक्क्यांचंही तसंच. कंपनीचं नाव, 'फॉरेन', वर्तणुकीचा 'व्हेरी गुड', हे सगळं असं वाचता येतं.

नाव पक्कं झालं की मग बोटीच्या हालचाली. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी ३८९ ही मालिका आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी जहाजांची हालचाल कार्डं. बोटीगणिक कार्ड, त्यावर कुठलं बंदर, कधी पोचली, कधी सुटली, काही ठिकाणी मालही. ही स्कॅन केलेली आहेत, थोडी फी भरून घरबसल्या मिळतात. खर्च करायचाच तर पहिला इथे करा.

त्याआधी फुकटातलं: 'कॉन्व्हॉयवेब'. आर्नल्ड हेग यांनी जन्मभर खपून गोळा केलेल्या ताफ्यांच्या आणि बंदरांच्या नोंदी तिथे आहेत. बोटीचं नाव घातलं की बंदरांची यादी तारखांसकट येते. ताफ्यांना अक्षरं असतात: बीपी म्हणजे मुंबईहून इराणच्या आखाताकडे, पीबी म्हणजे उलट.

वर्तमानपत्रांवर फार भिस्त ठेवू नका. शांततेच्या काळात 'बोटी आल्या, बोटी गेल्या' असे रकाने छापून यायचे, युद्धात ते बंद. गोदीच्या स्फोटाच्या सविस्तर बातम्यासुद्धा सेन्सॉरमुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अडकल्या होत्या. आख्ख्या मुंबईने आवाज ऐकला होता तरी.

स्फोटाच्या बोटीबद्दल सविस्तर नंतर लिहितो. आधी सांगा, त्या 'फोर्ट' नोंदीत डिस्चार्जची तारीख दिसते का?

बाणकोटची_वाट

ताई, जुनी_गोदी यांनी बोटीचं सांगितलं, मी माणसाचं सांगतो. हे दोन शोध वेगवेगळे आहेत. बोट सापडली म्हणजे आजोबांचं नाव सापडलं असं होत नाही.

त्या काळी आपल्या लोकांचा करार गोऱ्या खलाशांपेक्षा वेगळा असायचा. डेकवर आपले रत्नागिरीकडचे, सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या सेवेला, गोव्याचे, आणि इंजिनात आगवाले पंजाब-सरहद्दीकडचे नाहीतर सिल्हेटचे, ही साधारण विभागणी. भरती सारंगामार्फत, म्हणजे खलाशांच्या मुकादमामार्फत. त्यामुळे एका गावची माणसं एकाच बोटीवर सापडतात. आजोबांचं नाव हाती लागलं नाही तर त्यांच्या सारंगाचं शोधा, आणि गावात विचारा की त्याच वर्षी आणखी कोण कोण बोटीवर होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी धड अवस्थेतली सीडीसी निघू शकते. आमच्याकडे शेजारच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेतूनच सगळं उलगडलं.

खलाशांच्या याद्या तीन ठिकाणी विखुरल्या आहेत. १९३९ ते १९५० क्यूला. १९५१ नंतरच्या बहुतेक कॅनडात, न्यूफाउंडलँडच्या मेमोरियल विद्यापीठातल्या सागरी इतिहास अभिलेखागारात. आणि ज्या वर्षाच्या शेवटी ५ येतो (१९४५ सोडून), त्यातल्या बऱ्याचशा ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात. म्हणजे १९५५ ची नोंद हवी असेल तर न्यूफाउंडलँडला पत्र लिहून उपयोग नाही.

नावाच्या स्पेलिंगचं मनावर घेऊ नका. कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय. इब्राहिमचे पाच प्रकार होतात, गावाचे त्याहून जास्त. पहिलं नाव, वडिलांचं नाव, गाव या तीन गोष्टी जुळल्या तर आडनाव नसलं तरी चालेल. तेव्हा पुष्कळदा आडनाव लिहितच नसत.

आणखी एक. त्या बोटीवरचं गावातलं कुणी परत आलं नसेल तर राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर आपले लस्कर, म्हणजे बोटींवरचे हिंदी खलाशी, नाहीत. त्यांची नावं मुंबई आणि चितगावच्या स्मारकाच्या नोंदवहीत आहेत. मुंबईची वही मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये ठेवलेली आहे. सहा हजारांवर नावं आहेत त्यात, आणि कितीतरी आपल्या खाड्यांवरच्या गावांची. कुणाला शोधायचं नसलं तरी जाऊन बघावं असं ते ठिकाण आहे.

निळा_गणवेश

नौदलातून निवृत्त झालो आहे, म्हणून एक वेगळी अडचण सांगतो. पी अँड ओच्या बऱ्याच बोटी युद्ध सुरू होताच ॲडमिरल्टीने, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याने, ताब्यात घेतल्या, तोफा बसवल्या आणि त्यांना सशस्त्र व्यापारी क्रूझर केलं. रावळपिंडी, राजपुताना, कार्थेज, रांची या त्यातल्या. त्या दिवसापासून ती बोट 'एचएमएस', म्हणजे ब्रिटिश नौदलाची युद्धनौका, होते आणि तिचे कागद व्यापारी जहाजांच्या मालिकेतून निघून ॲडमिरल्टीच्या मालिकेत जातात. रावळपिंडी २३ नोव्हेंबर १९३९ ला शार्नहोर्स्ट आणि ग्नायझनाऊ या जर्मन युद्धनौकांनी बुडवली, तेव्हा ती पी अँड ओची प्रवासी बोट राहिली नव्हती. ताईंच्या सीडीसीत मध्येच मोठा खंड दिसला आणि आधीची बोट यातली असली, तर हालचाल कार्डात शोधत बसू नका. युद्धनौकांच्या लॉगबुकांची मालिका एडीएम ५३. फुकटात बघायचं तर 'नेव्हल हिस्टरी डॉट नेट'वर बऱ्याच नौकांचा तारीखवार इतिहास आहे.

जपानी बाजूसाठी 'कंबाइन्ड फ्लीट' या संकेतस्थळाला तोड नाही. तिथे एकेका जपानी नौकेचा तारीखवार तक्ता आहे. आपल्याला जवळचं उदाहरण देतो. 'तिलावा' ही ब्रिटिश इंडिया कंपनीची प्रवासी बोट २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेला निघाली. २३ तारखेला आय-२९ या जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडोने बुडवलं. २८० माणसं गेली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना एचएमएस बर्मिंगहॅमने उचललं, काहींना वर सांगितलेल्या कार्थेजने. आता याच आय-२९ चा तक्ता पुढे वाचा: एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळच्या समुद्रात जर्मन यू-१८० मधून सुभाषबाबू उतरले ते याच पाणबुडीत. एका नौकेचा माग काढताना अशा दोन गोष्टी एकाच दोरीत सापडतात, आणि पुस्तकांत त्या सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत असतात.

खाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री विजेरी धरून बसले. आई शेजारी बसून होती.

'फोर्ट'च्या पानावर ऑफिशियल नंबरचे पहिले चार आकडे दिसले, शेवटचे दोन कसरीने नेले. रुजू झाल्याचं ठिकाण मुंबई, तारीख १९४३ मधली, महिना लागत नाही. डिस्चार्ज मात्र स्वच्छ आहे: मुंबई, मार्च १९४४. आईचा जन्म ऑक्टोबरचा. मग ती स्फोटाचीच बोट ना? एकाच महिन्याचा तर फरक आहे.

जुनी_गोदी

नाही ताई, आणि हे ठामपणे सांगता येतं, ते तारखेमुळे.

स्फोट झाला 'फोर्ट स्टिकीन'चा, १४ एप्रिल १९४४ ला, व्हिक्टोरिया गोदीत. तिची शेवटची सफर पुरती माहीत आहे. २४ फेब्रुवारीला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघाली, पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा. जिब्राल्टर, पोर्ट सैद करत कराचीला आली, तिथे कापसाच्या गासड्या चढल्या. मुंबईत पोचली १२ एप्रिलला. १४ च्या दुपारी धूर दिसला आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

म्हणजे आजोबांना मार्चमध्ये मुंबईत डिस्चार्ज मिळाला तेव्हा फोर्ट स्टिकीन मुंबईच्या आसपाससुद्धा नव्हती. ती त्यांची बोट असूच शकत नाही.

पण घरची समजूत अगदी हवेतून आलेली नसावी. त्या दिवशी गोदीत 'फोर्ट क्रेव्हियर' नावाची दुसरी बोटही होती आणि तीही त्या आगीत गेली. आजोबांनी आधी जिच्यावर काम केलं ती बोट पुढे स्फोटात गेली, असं त्यांनी सांगितलं असेल, आणि ऐकणाऱ्यांनी ते प्रसिद्ध बोटीला जोडलं असेल. तेव्हा बीटी ३८९ मधलं पहिलं कार्ड फोर्ट क्रेव्हियरचं मागवा. मार्च १९४४ मध्ये ती मुंबईत होती का, एवढंच आधी बघा.

नसली, तर कॉन्व्हॉयवेबवर मार्च १९४४ मध्ये मुंबईत असलेल्या सगळ्या 'फोर्ट' बोटींची यादी करा आणि प्रत्येकीचा ऑफिशियल नंबर तुमच्या चार आकड्यांशी ताडून बघा. एकाच बंदरात नोंदलेल्या बोटींना नंबर साधारण ओळीने दिलेले असल्यामुळे चार आकडे काहींचे जुळतील, पण त्याच महिन्यात मुंबईत असलेली त्यातली एखाददुसरीच निघेल. ती मिळाली की तिच्या कार्डावर ऑक्टोबर १९४३ ची ओळ वाचा, आजोबा त्याआधी रुजू झाले असतील तर आईंना हवं असलेलं बंदर त्याच ओळीत असेल. रुजू होण्याचा महिना लागत नाही म्हणता, तिथे उजेड उजवीकडून टाकला असेल तर आता डावीकडून टाकून बघा. आणि त्या चार आकड्यांचा फोटो इथे डकवा, नंबर ताडायचं काम आम्ही वाटून घेतो.

बाणकोटची_वाट

मी 'फोर्ट' बोटींची यादी करायला घेतो. ताई, डिस्चार्जच्या शिक्क्यात एजंट कंपनीचं नाव असेल तर तेही कळवा, कारण या बोटी सरकारच्या असल्या तरी चालवायला निरनिराळ्या कंपन्यांकडे दिलेल्या होत्या. एवढ्याने अर्धी यादी गळेल.