कोठाराचा होमस्टे करण्याआधी

वाड्यामागचं जुनं दगडी धान्यकोठार पाडायचं की त्याचा होमस्टे करायचा, हा तुमचा मूळ प्रश्न. त्यावर इथे आधी दोघांनी ‘आधी सिमेंटचा गिलावा मारून घ्या’ म्हटलंय. कृपा करून तेवढं करू नका! दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून ओल बाहेर पडते, ती वाट सिमेंट बंद करतं. मग ओल भिंतीतच मुरते आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजतात. तुळई मधे ठणठणीत दिसते, म्हणून टोकाशी पेचकस टोचून बघा. सहज रुतला तर लाकूड गेलं. जोत्यापाशी वाळवीच्या मातीच्या नळ्याही शोधा. आणि हे ऐन पावसाळ्यात बघा, उन्हाळ्यात सगळ्याच भिंती गुणी असतात.

होमस्टेचं मात्र मला पटत नाही. पन्हाळा किल्ल्यावरच्या अंबरखान्यातली, म्हणजे तिथल्या जुन्या धान्यकोठारांतली, गंगा कोठी पाहिली असेल तुम्ही. धान्य ओतायला माथ्यावर झरोके, बाकी जाडजूड भिंती. तुमचंही कोठार त्याच जातीचं दिसतंय. त्यात खिडक्या फोडून न्हाणीघराचे पाइप फिरवले, तर कोठार म्हणून उरणार काय? त्यापेक्षा गावाच्या जुन्या अवजारांचं छोटं संग्रहालय करा, भिंतीला हात लावावा लागणार नाही. खर्चाचा आकडा मात्र चुनाकाम येणाऱ्या गवंड्यालाच विचारा.