चर्चा : फ्रेंच भाषिक पश्चिम आफ्रिकेत साहस भांडवल कमी का जाते?

ताळेबंद

सप्टेंबर 2021 मध्ये सेनेगलमध्ये वाढलेल्या 'वेव्ह' या मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय देणाऱ्या कंपनीने 20 कोटी डॉलर उभे केले, तिचे मूल्यांकन 170 कोटी डॉलर झाले आणि फ्रेंच भाषिक आफ्रिकेला पहिला युनिकॉर्न, म्हणजे 100 कोटी डॉलरहून अधिक मूल्याची नवी कंपनी, मिळाला. तरीही आफ्रिकेत येणारे बहुतांश साहस भांडवल, म्हणजे जोखीम पत्करून नव्या कंपन्यांचे शेअर घेणारा पैसा, नायजेरिया, केनिया, दक्षिण आफ्रिका आणि इजिप्त याच चार देशांभोवती घुटमळते. माझ्या मते यामागे बाजाराचा हिशेब कमी आणि गुंतवणूकदारांची इंग्रजीची सवय अधिक आहे. सेनेगल एकटा लहान आहे हे खरे. पण त्याच्यासह आयव्हरी कोस्ट, माली, टोगो, बेनिन अशा आठ देशांचे चलन एक आहे आणि मध्यवर्ती बँकही एकच, डकारला आहे (आठवा गिनी-बिसाऊ पोर्तुगीज भाषिक असूनही याच घरात नांदतो). शिवाय 'ओहाडा' करारामुळे 17 देशांना समान व्यापारी कायदा लागू आहे. हे सामाईक चलन, म्हणजे सीएफए फ्रँक, एका युरोला 655.957 फ्रँक या दराने बांधलेले असल्यामुळे 2023 मध्ये नायजेरियाचे चलन नायरा कोसळले, तेव्हा तिथल्या लागोसमधील कंपन्यांचे डॉलरमधील उत्पन्न जसे आटले, तसे आयव्हरी कोस्टमधील अबिजानच्या कंपन्यांचे आटले नाही.

शंकासूर

ताळेबंद, चलन एक झाले म्हणून बाजार एक होत नाही. तो दरही वज्रलेप नाही. जानेवारी 1994 मध्ये याच फ्रँकचे मूल्य एका फटक्यात निम्मे करण्यात आले होते. खरी अडचण गुंतवणूकदाराने शेअर विकून बाहेर पडण्याची आहे. साहस भांडवलाच्या फंडाला साधारण दहा वर्षांत गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे असतात, आणि अबिजानचा प्रादेशिक शेअर बाजार मुख्यतः बँका व दूरसंचार कंपन्यांचा आहे. तोट्यातील तरुण कंपनीला तिथे कोण विचारणार? ट्युनिसमध्ये सुरू झालेली कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी 'इन्स्टाडीप' 2023 मध्ये 'बायोएनटेक' या जर्मन औषध कंपनीने घेतली खरी, पण तोवर तिचे मुख्यालय लंडनला गेले होते. 'वेव्ह'चे संस्थापकही अमेरिकन आणि मूळ कंपनीही अमेरिकेत नोंदलेली. ग्राहक सेनेगलचे आणि शेअर कॅलिफोर्नियाचे, अशा कंपनीवरून त्या प्रदेशाची प्रगती मोजणे मला पटत नाही.

डकारमुक्कामी

शंकासूर, शेअर कोणाचे हा प्रश्न रास्त आहे, पण माझ्या घराखालच्या दुकानात काय घडते तेही पाहावे. भाजी विकणाऱ्या बाई 'वेव्ह'चे क्यूआर छापलेले निळे कार्ड पुढे करतात, दुकानदार ते आपल्या फोनने स्कॅन करतो आणि रोख रक्कम हातावर ठेवतो. बाईंकडे स्मार्टफोन असण्याची गरज नाही. 'वेव्ह' आली तेव्हा पैसे भरणे-काढणे फुकट होते आणि पाठवायला एक टक्का, म्हणजे दहा हजार फ्रँकला शंभर. या दरामुळे 'ऑरेंज मनी'सारख्या बड्या स्पर्धकालाही आपले दर उतरवावे लागले. इतका तोटा वर्षानुवर्षे सोसायला स्थानिक बँकेने कर्ज दिले असते का? इथे साहस भांडवलच हवे होते.

मात्र भाषेचा मुद्दा मला अर्धाच पटतो. 'पार्टेक'सारख्या साहस भांडवल पुरवणाऱ्या मूळच्या फ्रेंच संस्थेचे डकारला कार्यालय आहे आणि तिचा दुसरा आफ्रिका फंड 2024 मध्ये 28 कोटी युरोंवर बंद झाला. पण तिचाही पैसा नायजेरिया आणि इजिप्तमध्ये जातोच. मोठ्या फंडाला मोठीच रक्कम गुंतवावी लागते. इथे तुटवडा आहे तो पहिल्या दोन वर्षांच्या छोट्या रकमांचा, आणि त्या इथल्याच व्यापाऱ्यांकडून याव्या लागतील. ते अजून जमिनी आणि इमारतींतच पैसा घालतात.

ताळेबंद

छोट्या रकमांचे म्हणणे मान्य. ट्युनिशियाने 2018 मध्ये आणि सेनेगलने 2019 मध्ये स्टार्टअपसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामागेही हीच जाणीव असावी. परंतु शंकासूर, मालकी परदेशी असली तरी लगाम स्थानिक असू शकतो: 2022 मध्ये 'वेव्ह'ला डकारच्या मध्यवर्ती बँकेकडूनच ई-मनीचा परवाना घ्यावा लागला.

शंकासूर

परवान्याने व्यवहारांवर देखरेख होते, नफ्याचा मुक्काम बदलत नाही. आपल्याकडे 'फोनपे'ने 2022 मध्ये सिंगापूरहून भारतात बस्तान हलवले आणि त्यापायी तिच्या गुंतवणूकदारांनी जवळपास 8,000 कोटी रुपये कर भरला, कारण मुंबईच्या शेअर बाजारात नोंदणी करून शेअर विकता येतील याची त्यांना खात्री होती. डकार किंवा अबिजानला परत येण्यासाठी असा कर कोण आनंदाने भरेल, ते सांगा. मग मी माझा आक्षेप मागे घेतो.